चिकूच्या पायाखालची रायण

आमच्या अंगणातल्या चिकूला चौदाव्या उन्हाळ्यात पहिल्यांदा फळं लागली आणि ती पिवळी निघाली. करंगळीच्या पेराएवढी, लांबट, गुळगुळीत, पानांच्या झुपक्याखाली दडलेली. बाबांना वाटलं लिंबोळ्या आहेत. मला वाटलं झाडाला काही रोग झाला. शेवटी सोसायटीत आठवड्यातून एकदा येणाऱ्या माळीभाईंना बोलावलं. त्यांनी एक पान उलटं करून पाहिलं, एक फळ तोंडात टाकलं आणि म्हणाले, "बेन, आ चीकू नथी. आ तो रायण छे."

बडोद्याच्या दांडिया बाजारातला वाडा सोडून आम्ही वाघोडिया रोडला राहायला आलो, त्या पावसाळ्यात हे झाड लावलं होतं. रोपवाटिकेतून आणलेलं, कालीपत्ती जातीच्या चिकूचं बांधलेलं कलम. मग चिकूची रायण कशी झाली? आम्हाला कुणी फसवलं नव्हतं. त्या एका रोपात पहिल्या दिवसापासून दोन झाडं होती, वर चिकू आणि खाली रायण, म्हणजे आपली खिरणी. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही महिनाभर बाहेरगावी होतो, पाणी घालायला कुणी नव्हतं. परत आलो तेव्हा शेंडा वाळलेला होता. आठ-दहा दिवस पाणी घातल्यावर बुंध्यातून कोवळे लालसर फुटवे आले आणि बाबा आनंदाने म्हणाले, "चिकू वाचला." वाचली होती ती रायण. पुढची बारा वर्षं आम्ही तिला चिकू म्हणून वाढवलं.

तेव्हापासून मी या झाडाबद्दल मिळेल ते वाचते आहे, जाणकारांना विचारते आहे. कारण यातून एक गोष्ट कळली, जी चिकू आवडीने खाणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते: गुजरात आणि महाराष्ट्रातल्या बागांमधला कलमी चिकू बहुतेक ठिकाणी रायणीच्या मुळांवर उभा असतो. फळ चिकूचं, मूळ रानातल्या रायणीचं.

बडोद्यात वाढलेल्यांना रायण माहीत असते, निदान माझ्या पिढीपर्यंत तरी. मे महिन्यात खंडेराव मार्केटच्या बाहेर पंचमहालाकडून, छोटा उदेपूरकडून आलेल्या बाया टोपल्या घेऊन बसत. सयाजीरावांच्या काळातली, १९०६ सालची ती देखणी इमारत मागे आणि पुढे फुटपाथवर पळसाच्या पानांच्या द्रोणात पिवळीजर्द रायण. आजी पावशेर घ्यायची आणि घरी आल्यावर तासभर पाण्यात बुडवून ठेवायची, कारण या फळात चीक असतो. धीर न धरता तशीच खाल्ली की ओठ एकमेकांना चिकटतात. आत एकच बी, बहुधा काळसर तपकिरी, पॉलिश केल्यासारखं चकाकणारं. गर थोडाच, पण गोड, चिकूची आठवण करून देणारा आणि त्याहून जरा उग्र. गुजराती घरांत ती वाळवूनही ठेवतात. वाळलेली रायण म्हणजे कोकडी, खारकेसारखी चघळायची.

मराठीत हिला खिरणी म्हणतात, काही भागांत रांजण. रायण आणि खिरणी ही दोन्ही नावं संस्कृतातून उतरलेली आहेत. 'राजादन' म्हणजे राजाने खावं असं; त्याचं झिजून रायण झालं. 'क्षीरिणी' म्हणजे दूधवाली; तिची झाली खिरणी. पान तोडा, कोवळी फांदी खरवडा, पांढरा चीक येतो. एका नावात राजा आहे आणि दुसऱ्यात दूध.

वनस्पतिशास्त्रात तिचं नाव मनिलकारा हेक्झांड्रा. मनिलकारा हे मल्याळी नाव. सतराव्या शतकात डच अधिकारी व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार करून घेतला, त्यात ते नोंदलं गेलं आणि पुढे शास्त्रात रूढ झालं. हेक्झांड्रा म्हणजे सहा पुंकेसरांची. आता चिकूचं शास्त्रीय नाव पाहा: मनिलकारा झपोटा. म्हणजे आडनाव तेच. चिकू मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. त्याच्याही खोडात चीक भरपूर असतो, त्याला तिकडे 'चिकले' म्हणतात. तो आटवून तिथले लोक चघळत आणि आधुनिक च्युइंग गम सुरुवातीला त्याच्यापासूनच बनलं. आपला 'चिकू' हा शब्दही त्याच 'चिकले'च्या घरातला. आपल्याकडे चिकूची लागवड सांगताना डहाणूजवळच्या घोलवडचं नाव पहिलं घेतलं जातं, साल १८९८. मोह आणि बकुळ हीसुद्धा याच मोठ्या कुळातली झाडं, पण ती चुलत घरातली. रायण आणि चिकू मात्र सख्ख्या नात्यातले. एक इथल्या कोरड्या रानातली, दुसरा समुद्रापलीकडचा. लाखो वर्षं एकमेकांना न भेटलेले हे दोघे कलम बांधणाऱ्याच्या हातात एक होतात.

हे 'एक होणं' नेमकं काय असतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

झाडाच्या सालीच्या आत, साल आणि लाकूड यांच्या मधोमध, एक अतिशय पातळ, ओलसर थर असतो. पावसाळ्यात कोवळ्या फांदीची साल सोलली की बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो, तो याच जागेचा. झाडाच्या जाडीची सगळी वाढ या थरातून होते. हा थर आतल्या बाजूला नवं लाकूड तयार करतो, ज्यातून मुळांकडचं पाणी वर चढतं. आणि बाहेरच्या बाजूला सालीचा कोवळा भाग, ज्यातून पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरतं. कलम म्हणजे दोन झाडांचे हे थर एकमेकांना लावून घट्ट बांधणं. बाकी लाकूड लाकडाला लागो न लागो, थराला थर भिडला पाहिजे. म्हणून चांगला कलम बांधणारा सुरी लखलखीत ठेवतो आणि काप एका झटक्यात घेतो. करवतल्यासारखा काप घेतला की थर चेचतो.

बांधल्यावर जे होतं ते मोडलेलं हाड सांधण्यासारखं असतं. दोन टोकं जुळवून प्लास्टर घालतात, मग मधल्या फटीत आधी एक मऊ भरण तयार होतं आणि नंतर ते हाडाचं रूप घेतं. झाडातही जखमेतून दोन्ही बाजूंनी मऊ, आकार नसलेल्या पेशींचं भरण येतं, फट बुजते, आणि मग त्या भरणातून हळूहळू नळ्या तयार होतात. खालची पाण्याची नळी वरच्या पाण्याच्या नळीला मिळते, अन्नाची अन्नाच्या नळीला. नळजोडणी झाली की कलम लागलं.

केळीला किंवा नारळाला असं कलम बांधता येत नाही, कारण त्यांच्यात हा गोल थरच नसतो. आणि आंब्यावर चिकू लागत नाही, कारण नातं फार लांबचं पडतं. भरण तयार झालं तरी नळ्या जुळत नाहीत. मोहाच्या खुंटावर, म्हणजे खाली मुळांसाठी मोहाचं रोप घेऊन, चिकू बांधून पाहिला गेला आहे. तो धरतो, पण झाड खुरटं राहतं. खिरणीच्या खुंटावर तो जोमाने वाढतो आणि भरून फळतो. नात्याची जवळीक इथे अशी मोजली जाते.

चिकूच्या बाबतीत बांधण्याची जुनी पद्धत म्हणजे भेट कलम. मला हे नाव फार आवडतं. रायणीचं पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप पिशवीत किंवा कुंडीत असतं. ते उचलून मोठ्या चिकूच्या झाडापाशी नेतात, मांडव घालून फांदीच्या उंचीला ठेवतात. मग रोपाच्या खोडाची एक बाजू तासतात, चिकूच्या फांदीची तेवढीच तासतात आणि दोघांना भेटवून बांधून टाकतात. दोघंही अजून आपापल्या मुळांवर जिवंत असतात. दोन-तीन महिन्यांनी जोड पक्का झाला की दोन काप घ्यायचे: रायणीचा शेंडा जोडाच्या वर कापायचा, चिकूची फांदी जोडाच्या खाली. एकाने डोकं दिलं, दुसऱ्याने पाय सोडले. आता बऱ्याच रोपवाटिकांत मृदुकाष्ठ कलम करतात. त्यात रायणीच्या रोपाचा शेंडा उडवून खोडाला उभी चीर देतात, चिकूची कोवळी काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने गुंडाळतात. काम झटपट होतं आणि मोठ्या झाडाभोवती मांडव उभारावा लागत नाही.

आता प्रश्न येतो की मग चिकूत रायणीचे गुण उतरतात का. गोडी बदलते का? तर पाणी, क्षार, अन्न, वाढीची संप्रेरकं जोडातून वर-खाली जातात, पण दोघांची जनुकं मिसळत नाहीत. जोडाच्या वरची प्रत्येक पेशी चिकूचीच राहते, खालची प्रत्येक पेशी रायणीची. कालीपत्तीच्या काडीला कालीपत्तीच लागतो. शंभर वर्षं एकत्र राहिले तरी दोघांची ओळख पुसत नाही. आमच्याकडे वरची काडी मेल्यावर खालून शुद्ध रायण आली ती यामुळेच.

पण काडी जिवंत असताना ती का आली नाही? रायणीच्या बुंध्यावर सालीखाली झोपलेले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, असतात. वाढता शेंडा एक संप्रेरक तयार करून खाली पाठवत असतो आणि त्याचा निरोप पोचतो तोवर खालचे डोळे दबून राहतात. शेंडा वाळला, निरोप थांबला, डोळे जागे झाले. पुष्कळदा शेंडा जिवंत असतानाही एखादा डोळा फुटतो, आणि मुळांच्या जवळ असल्याने बघता बघता पुढे निघून जातो. म्हणून चिकूचं कलम लावणाऱ्या प्रत्येकाने पहिली काही वर्षं जोडाच्या खाली नजर ठेवायला हवी. जोड खाली, मातीपासून वीतभर अंतरात असतो. हात फिरवला तर गाठ लागते. त्याच्या खालचा फुटवा कोवळा असतानाच बोटाने खुडून टाकायचा. चीक पाहून फसू नका, तो दोघांनाही येतो. पान पाहा. चिकूचं पान दोन्हीकडे निमुळतं, टोकदार. रायणीचं जाड, चामड्यासारखं, वरून गर्द, खालून फिकट आणि टोकाला बोथट, मधे खाच घेतलेलं. ही एवढी खूण आम्हाला माहीत असती तर बारा वर्षं आधीच कळलं असतं.

कुणी विचारेल, चिकू त्याच्या स्वतःच्या मुळांवर का वाढवत नाहीत? बी लावून चिकू येतो, पण कुठल्या चवीचा येईल सांगता येत नाही आणि फळाला वेळ लागतो. गुटी बांधून फांदीला मुळं फोडता येतात, पण त्या झाडाला सोटमूळ नसतं, वादळात ते आडवं होतं. रायण खोल सोटमूळ घालते, कोरडी जमीन सोसते, थोडंफार खारटपण सोसते. डोळ्यांना न दिसणारा हा भाग रोग, दुष्काळ, जमीन या सगळ्यांशी लढतो. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको; त्यांची वेल गोड जातीची असते आणि मूळ डॉगरीजचं, म्हणजे रानटी अमेरिकन द्राक्षाच्या घराण्यातलं.

रायणीला हे बळ कुठून आलं, याचं उत्तर तिच्या मंदपणात आहे. ती अतिशय सावकाश वाढते. बी रुजल्यावर कलम बांधण्याजोगी जाडी यायलाच दीड-दोन वर्षं जातात, आणि रोपवाटिकावाल्यांची मुख्य तक्रार हीच असते. पण ती वेळ वाया घालवत नाही, लाकूड भरीव करत असते. रायणीचं लाकूड लोखंडासारखं जड. तेलाच्या घाण्या, उसाचे चरक, मोगऱ्या, अवजारांचे दांडे यांसाठी ते पूर्वी मुद्दाम शोधून आणत. लाकूड भरीव असतं तेव्हा साधारणपणे त्यातल्या पाण्याच्या नळ्या बारीक आणि जाड भिंतींच्या असतात. कडक उन्हात पानं वरून पाणी ओढत असतात आणि मुळांना खाली मिळत नसतं, तेव्हा नळीतल्या पाण्यावर ताण येतो. रुंद नळीत त्या ताणाने हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची अखंड तार तुटते. मग ती नळी निकामी. बारीक, भक्कम नळ्या हा ताण जास्त सोसतात. भरभर वाढणारं झाड पाणी भराभर वाहून नेतं पण टंचाईत मोडतं. रायण थोडं थोडं नेते आणि हिरवी राहते. मे महिन्यात पावागडच्या वाटेवर सागाची निष्पर्ण रानं दिसतात तेव्हा मधेच एखादं गच्च हिरवं, काळसर छत्र दिसलं तर जवळ जाऊन पाहा. रायण असण्याचा संभव पुष्कळ आहे.

मग आमच्या झाडाला फळं यायला चौदा वर्षं आणि कलमी चिकूला तीन-चार, असं का? झाडांनाही बालपण असतं. बियांपासून आलेलं रोप काही वर्षं नुसतं वाढतं, फुलू शकत नाही. पण जुन्या, फळणाऱ्या झाडाची फांदी वयात आलेली असते आणि कापून दुसऱ्या मुळांवर बसवली तरी तिचं वय तिच्याबरोबर जातं. कलमी चिकूचे पाय पोराचे असले तरी डोकं थोराचं असतं, म्हणून तो लवकर फळतो. आमच्या रायणीला मात्र आपलं पूर्ण बालपण जगावं लागलं.

या सगळ्यातली जी गोष्ट मला अस्वस्थ करते, ती आता सांगते. रोपवाटिकांत दरवर्षी रायणीचं बी पेरलं जातं, रोपं येतात, निगुतीने वाढवली जातात. आणि पेन्सिलीएवढी झाली की प्रत्येकाचा शेंडा कापला जातो. इतकी रायण लावली जाते, पण रायण म्हणून वाढावी अशा इच्छेने फारच थोडी. बी येतं ते रानातल्या, बांधावरच्या, देवळाजवळच्या जुन्या झाडांकडून. ती झाडं कुणाच्या पणजोबांनी राखलेली असतात. एक तुटलं तर त्याची जागा भरायला माणसाचं अर्ध आयुष्य लागतं. ज्या झाडावर चिकूचा एवढा व्यापार उभा आहे, त्याच्या आईबापांची नोंद आपण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. कुठल्या गावच्या रायणीची फळं मोठी, कुठली लवकर पिकते, कुठली खाऱ्या जमिनीत टिकली, हे सगळं वैविध्य त्या जुन्या झाडांतच आहे.

थोडं काम झालं आहे. गोध्र्याजवळ वेजलपूरला केंद्र सरकारचं फळबाग संशोधन केंद्र आहे. कोरडवाहू भागातल्या रानफळांवर तिथे काम चालतं, आणि खिरणीची निवड करून 'थार ऋतुराज' नावाचं वाण तिथून आलं. फळासाठी लावायची रायण, खुंटासाठी नव्हे! ते वाचलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. श्रद्धेनेही काही झाडं राखली आहेत. पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगरावर रायणीचं झाड जैन यात्रेकरूंना पूज्य आहे. आदिनाथांचा संबंध त्या वृक्षाशी मानतात, तिथे त्यांच्या पादुका आहेत आणि लोक झाडाला प्रदक्षिणा घालतात. श्रीलंकेच्या कोरड्या रानात हीच रायण 'पालू' नावाने ओळखली जाते. तिथल्या 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात जूनच्या सुमारास पालू पिकला की अस्वलं झाडावर चढून बसतात आणि पर्यटक ते बघायला गर्दी करतात. आमच्या अंगणात अस्वल येत नाही, पण बुलबुल, साळुंक्या दिवसभर असतात आणि संध्याकाळ झाली की वटवाघळं. चिकूकडे एवढी गर्दी मी कधी पाहिली नाही.

माळीभाईंनी त्या दिवशी विचारलं होतं, फांद्या छाटून वर पुन्हा चिकू बांधून देऊ का. होण्यासारखं आहे ते. बाबांनी एक फळ खाल्लं, ओठ पुसले, ते चिकटले तसे पुन्हा पुसले, आणि नको म्हणाले.

त्या मोसमातल्या बिया मी गर धुऊन लगेच पेरल्या. रायणीचं बी फार दिवस ठेवू नये, जुनं झालं की रुजत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी भोकं पाडून बावीस बिया लावल्या, नऊ उगवल्या. दोन खारींनी उकरल्या. उरलेली सात रोपं वर्षभरात जेमतेम वीतभर झाली आहेत, आणि दोन पिशव्यांच्या भोकांतून मुळाचं पांढरं टोक बाहेर आलं आहे, तेव्हा या आठवड्यात त्यांना खोल पिशव्यांत हलवायचं आहे. शेजारच्या पटेलकाकींनी एक मागून ठेवलं आहे. चिकूचं कलम म्हणून का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "ना रे, रायण खावा."